गाळाची पकड

धामणे खाडीच्या तळाशी ‘कासव’ चालवणं हे वृंदा पालशेतकरचं काम. त्या सकाळी ती खाली उतरली तेव्हा तिच्या डोक्यात ना खाडी होती ना मशीन. डोक्यात मुरारी होता. हल्ली तो कामापुरतंच बोलायचा. चहा घेतोस का, तर घेतो. डबा नेतोस का, तर नेतो. सरळ भांडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं.

मुरारी तिचा नवरा, ‘मांडवी’ या ड्रेजरचा कॅप्टन. लग्नाआधीपासून दोघं त्याच जहाजावर होते. तो वर ब्रिजवर, सुकाणूपाशी, ती पाइपच्या केबिनमध्ये. मांडवीच्या कुशीला एक लांबलचक जाड पाइप होता. तो खाली सोडायचा, त्याचं रुंद, दातेरी तोंड तळाला टेकवायचं आणि जहाज हळूहळू पुढे न्यायचं, घरात व्हॅक्यूम क्लीनर फिरवावा तसं. जहाजातला पंप गाळ आणि पाणी ओढून पोटातल्या हौदात भरायचा. हौद भरला की भर समुद्रात जायचं, बुडाचे दरवाजे उघडून गाळ सोडून द्यायचा, आणि परत यायचं. वर्षानुवर्षं हेच. कारण टाकलेल्यातला बराचसा गाळ भरतीबरोबर सरकत सरकत पुन्हा खाडीत यायचा, आणि नदी वरून नवा आणून ओतायची तो वेगळाच.

मग बंदरात डॉक्टर सलमा परकार आली. वयाने लहान, मातीशास्त्र शिकलेली, बोलताना हातांनी हवेत आकृत्या काढणारी. तिने प्रश्नच उलटा केला. गाळ काढायचाच कशाला? जहाजाचं बूड रुतू नये एवढंच पाहिजे ना? मग राहू दे की गाळ तिथेच. फक्त त्याला घट्ट होऊ द्यायचं नाही.

खाडीचा चिकण गाळ नाचणीच्या आंबिलीसारखा असतो. ढवळत राहा, वाहतो. ठेवून द्या, थिजतो. त्याचे कण पत्त्यांसारखे चपटे. हलवले की एकमेकांवरून घसरतात. स्वस्थ पडू दिले की कडेला कड टेकवून पत्त्यांच्या बंगल्यासारखा सांगाडा उभा करतात आणि त्यात पाणी कोंडून ठेवतात. सलमाला कांदळवनाच्या चिखलात एक जीवाणू सापडला होता. त्याच्या अंगातून सुटणारा बुळबुळीत पदार्थ त्या कडांना लागला की त्या एकमेकींना धरत नाहीत. बंदरात सगळे त्याला नुसतं ‘औषध’ म्हणायचे. औषध घातलेला आणि मधूनमधून हलवलेला गाळ सैल राहायचा, आणि मोठाली मालवाहू जहाजं त्यातून बूड घासत, पण न अडकता, निघून जायची.

हलवण्याचं काम कासवाचं. रुंद साखळपट्ट्यांवर तळातून चालणारं, लोखंडी पाठीचं यंत्र. ते पुढून गाळ ओढायचं, पोटात औषध मिसळायचं, मागून सोडून द्यायचं. त्याच्या अंगावरचे कंपक थरथरत राहायचे आणि भोवतालचा गाळ पातळ ठेवायचे. आधी ते वरून चालवून पाहिलं होतं. पण गाळात रेडिओ चालत नाही, आवाज दबतो, आणि केबल सोडली तर जहाजांच्या पंख्यांत अडकते. शेवटी आत माणसं बसवली. दोन खुर्च्यांची कोरडी केबिन, बॅटरी, हवेच्या टाक्या. अशी मोजकीच कासवं होती, ती आळीपाळीने उतरायची.

कासवासाठी माणसं हवीत असं कळलं तेव्हा वृंदाने लगेच नाव दिलं. रोज तोच गाळ उचलून टाकण्याचा तिला कंटाळा आला होता. पुढच्याच महिन्यात बंदराने सांगितलं, आता मांडवीची गरज नाही, ती भंगारात जाईल. मुरारीने ते ऐकलं, मान हलवली, आणि त्या दिवसापासून घरात अबोला आला.

“ताई, जरा काठाच्या पायथ्याशी घ्याल का?” शेजारच्या खुर्चीतून सलमा म्हणाली. ती एरवी खाली येत नसे. आज तिला स्वतःच्या हाताने नमुने घ्यायचे होते. “काठाच्या मातीतही औषध सापडायला लागलंय. जायला नको होतं तिथे.”

“कुणी नेलं?”

“भरतीने नेलं असणार. मी फक्त मधल्या वाटेचा विचार केला होता.”

वृंदाने कासव वळवलं. ज्या वाटेने जहाजं जात, तिच्या दोन्ही अंगांना गाळाचे उंच उतरते काठ होते. पडद्यावर सोनारच्या, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून उमटणाऱ्या, प्रतिमेत उजवा काठ राखाडी भिंतीसारखा दिसत होता. सलमाने नमुन्याची नळी बाहेर सारली. नळी लोण्यात शिरावी तशी शिरली.

“ही एवढी मऊ?” सलमा म्हणाली.

पडद्यावरची राखाडी भिंत वाकली. वृंदाला आधी वाटलं, सोनार बिघडलं. मग कासवाला बाजूने धक्का बसला, ते तिरकं झालं, साखळपट्ट्या गरागरा फिरल्या आणि डोक्यावर काहीतरी प्रचंड, जड आणि बिनआवाजी येऊन बसलं. दिवे विझले, पुन्हा लागले. पडदा सगळा एकाच रंगाचा झाला होता.

“काठ आला अंगावर,” वृंदा म्हणाली.

तिने फोन उचलला. पाण्यातून आवाजाच्या लहरींवर चालणारा तो फोन एरवी खरखरत का होईना, बोलायचा. आता त्यात खरखरही नव्हती. संकटात वर उठण्यासाठी कासवाच्या पोटाखाली लोखंडी वजनं होती. ती सोडून दिली की कासव आपोआप तरंगायचं. तिने खटका ओढला. वजनं सुटल्याचा आवाज झाला. कासव तसूभरही हललं नाही.

“का नाही उठत?” सलमाचा आवाज चिरका झाला.

“वर ओझं आहे. आणि खालून गाळाने बूड धरलंय. ओल्या वाळूत पाय रुतल्यावर कसा ओढून धरतो, तसं.” वृंदाने डोक्यावरच्या झाकणाकडे बघितलं. ते बाहेर उघडायचं. त्याच्यावर काठ बसला होता.

केबिन एवढीशी होती की दोघींना एकाच वेळी हात पसरता आले नसते. सलमाने डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायला लागली. वृंदाने हवेचा काटा पाहिला. संध्याकाळपर्यंत पुरली असती. त्याहून जास्त नाही.

“डॉक्टर, इकडे बघा. पाठीवर एक तरंगणारा बोया आहे. त्यात टेलिफोन आहे, त्याची तार आपल्याला जोडलेली. तो वर गेला तर बोलता येईल. पण या घट्ट गाळातून तो जाणार कसा?”

सलमाने डोळे उघडले. कामाचा प्रश्न आल्यावर तिचा चेहरा जरा ठिकाणावर आला. “कंपक चालू केले तर वरचा गाळ पातळ होईल. बोया हलका आहे, तो निघून जाईल.”

“आणि आपण?”

“वजनं सोडली तरी या सैल गाळापेक्षा आपण जडच असू. केबिनच्या बाहेरच्या कप्प्यांतही गाळ भरला असणार. आपण खाली जाऊ. अजून खोल.”

वृंदाने कंपकांच्या कळीवर हात ठेवला. वर कुणाला त्या कुठे आहेत हेच कळलं नाही, तर हवेचा काय उपयोग? तिने कंपक चालू केले.

कासव थरथरलं आणि खाली सरकायला लागलं. खोलीचा आकडा बदलत होता. सलमाने खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. वृंदाने बोयाचा खटका ओढला. तारेचं रीळ फिरत असल्याची बारीक कुरकुर पाठीवरून आली, थांबली, पुन्हा आली. मग एकदम सुसाट झाली. तिने ताबडतोब कंपक बंद केले.

फोनमध्ये वारा ऐकू आला. समुद्रपक्ष्यांचा आवाजही.

“कासव बोलतेय,” ती म्हणाली. “कोणी आहे का?”

बऱ्याच वेळाने होडीच्या इंजिनाची घरघर जवळ आली आणि बंदराचे अधिकारी खानविलकर बोलले. “वृंदाताई? दोघी बऱ्या आहात? मांडवीच्या लोकांनी सोनारवर काठ बसताना पाहिला. मुरारी येतोय इथे. नौदलाचे पाणबुडे मागवलेत, पण त्यांना यायला उद्या उजाडेल.”

“आमच्याकडे संध्याकाळपर्यंत हवा आहे.”

दुसरी होडी येऊन टेकल्याचा आवाज आला. मग फोनवर दुसरा श्वास ऐकू आला. तिने तो ओळखला.

“वृंदा.”

“हं.”

“किती खाली आहेस?”

तिने सांगितलं. मुरारीने कुणाला तरी काहीतरी विचारलं आणि परत आला. “मी मांडवी आणतो वर. पाइपने तुझ्यावरचा गाळ ओढतो.”

“थांबा,” सलमा पुढे झुकली. “मी सलमा. कॅप्टन, आत्ता ओढलंत तर उरलेला काठही खाली येईल. तो उभा आहे तोच कसाबसा. आम्ही केलेल्या थरथरीने तो आणखी सैल झाला असणार.”

“मग करू काय?”

सलमाने हातांनी हवेत एक उतार काढला, पुसला, पुन्हा काढला. “त्याला घट्ट होऊ द्यायचं. आम्ही काहीच हलवायचं नाही. तुम्हीही इंजिनं लांब ठेवा. कण पुन्हा एकमेकांना धरतील. काठ जरा उभा राहिला की मग एका बाजूने ओढायला सुरुवात करा.”

“घट्ट होईल म्हणजे तुमच्या भोवतीही होईल,” मुरारी म्हणाला.

“हो. आम्हाला धरेल.”

“किती घट्ट?”

“ते मला माहीत नाही,” सलमा म्हणाली. “औषध घातलेला गाळ आम्ही कधी स्वस्थ पडू दिलाच नाही.”

वृंदाच्या लक्षात आलं की सगळे तिच्या उत्तराची वाट बघताहेत. कंपकांची कळ तिच्याच हाताखाली होती. चालू केली तर खोल जायचं. बंद ठेवली तर गाळाने आवळायचं. दोन्हीकडून अडकलेलंच. निदान बंद ठेवली तर त्या वरच्यांना ठाऊक असलेल्या जागीच राहणार होत्या.

“बंदच ठेवते,” ती म्हणाली.

मग वाट बघणं सुरू झालं. पहिल्यांदा काही जाणवलं नाही. नंतर डाव्या अंगाचा पत्रा बारीक चिरकला. थोड्या वेळाने उजव्या अंगाचा. कासवाच्या पाठीवरून कोणीतरी तळहात फिरवत, दाबत चाललंय असा तो आवाज होता. वृंदाने एकदा साखळपट्टी किंचित फिरवून बघायचा प्रयत्न केला. मोटर हुं हुं करून थांबली. मघाशी ज्याच्यात बुडत होत्या, तेच आता दगडाच्या साच्यासारखं झालं होतं.

“एवढ्या लवकर?” सलमा स्वतःशीच म्हणाली. “एवढ्या लवकर नाही व्हायला पाहिजे.”

वृंदाला घाम फुटला. तिला एकाएकी उभं राहावंसं वाटलं, उभं राहायला जागाच नव्हती. छातीवर कोणी बसल्यासारखं झालं. हवा भरपूर होती, काटा तसं सांगत होता, तरी श्वास आत जाईना.

“ताई, माझ्याकडे बघा,” आता सलमा म्हणाली. “बोला काहीतरी. तुमच्या नवऱ्याशी बोला.”

वृंदाने फोन कानाला लावला. “मुरारी, आहेस?”

“इथेच आहे. होडीत बसलोय. इंजिन बंद आहे.”

“काहीतरी बोल. कामाचं नको.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. आता गप्प बसलास तर बघ, असं तिच्या मनात आलं. पण तो बोलला.

“मांडवी भंगारात जाणार म्हणून मी रागावलोय असं तुला वाटत असेल. तसं नाहीये. जहाजं जातातच. तू नाव दिलंस ते मला खानविलकर साहेबांकडून कळलं. ब्रिजवरच्या सगळ्यांसमोर. घरी एकदा म्हणाली असतीस, मुरारी, मला कंटाळा आलाय, तर मी काय अडवणार होतो?”

“अडवलं असतंस.”

“असतं,” तो म्हणाला. “पण विचारायचं होतंस.”

तिला त्या अवस्थेतही हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. सलमा पडद्याकडे बघत बसली होती, जणू तिला काही ऐकूच येत नव्हतं.

दुपार कलल्यावर सलमाने वर विचारून घेतलं. होडीतून सोडलेल्या सोनारमध्ये काठ स्थिर दिसत होता. मुरारीने बोया मांडवीवर घेतला आणि तो फोन हाताशी ठेवून जहाज हळूच कासवाच्या वर आणलं. खानविलकर पाणबुड्यांसाठी थांबावं असं एकदा म्हणाले, मग हवेचा हिशेब आठवून स्वतःच म्हणाले, “कॅप्टन, सुरू करा.”

पाइप खाली येत असल्याचं वृंदाला ऐकण्याआधी जाणवलं. लोखंडाला एक खोल गुंजन लागलं. तिने फोन मानेत धरला आणि दोन्ही तळहात कासवाच्या दोन भिंतींना लावले.

“मला खाली काही दिसत नाही,” मुरारी म्हणाला. “गढूळ आहे सगळं. सोनारवर तू आणि गाळ सारखेच. तूच सांग.”

“उजव्या हाताला वाजतंय. लांब आहे अजून. पुढे घे. आणखी. आता सोड खाली.”

पंप सुरू झाला. तोंडाचे दाते गाळ खरवडायला लागले. आवाज दातांच्या डॉक्टरकडच्या मशीनसारखा, फक्त घराएवढा. मांडवीच्या तोंडात पाण्याचे फवारेही होते. घट्ट गाळ आधी फोडायचा, मग ओढायचा. पाइपच्या केबिनमध्ये बसून वृंदाने हे हजारदा केलं होतं. पाइपच्या या टोकाला आपण असू असं तिला कधी वाटलं नव्हतं.

“जवळ येतंय. हळू. मुरारी, हळू!”

धाडकन आवाज झाला. केबिन हादरली. सलमाच्या पायांशी पत्र्याच्या जोडातून पाण्याची बारीक चिळकांडी उडाली.

“उचल!” वृंदा ओरडली. गुंजन थांबलं. फोनवर मुरारीचा श्वास जोरात येत होता.

“लागलं? काय झालं? वृंदा!”

“पाणी येतंय. थोडं आहे.” तिने सलमाची ओढणी घेऊन भेगेत कोंबली. पाणी थांबलं नाही, कमी झालं. “पुन्हा सोड. हातभर मागे.”

“माझ्याने होणार नाही,” मुरारी म्हणाला. “पुन्हा लागलं तर फुटेल.”

“नाही सोडलास तरी आम्ही इथेच राहणार. मी सांगतेय ना कुठे ते. सोड.”

पाइप पुन्हा उतरला. ती सांगत गेली, तो ऐकत गेला. डावीकडे. थांब. जरा वर. तिथेच राहा. उजव्या अंगाचा दाब हळूहळू सैल झाल्याचं पत्र्याच्या आवाजावरून कळत होतं. मग मुरारीने पंप बंद करून नुसते फवारे कासवाच्या बुडाखाली सोडले आणि कप्प्यांत भरलेला गाळही धुऊन काढला. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. सलमा दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसली होती आणि वृंदाचा खांदा तिने इतका घट्ट धरला होता की नंतर तिथे निळे डाग दिसले.

आधी एक बाजू सुटली. कासव तिरकं झालं आणि तसंच अडकून राहिलं. वृंदाने कंपकांची कळ दाबली, क्षणभर, आणि सोडली. चिखलातून पाय उपटताना होतो तसला एक ओंगळ, मोठा आवाज झाला. पुढच्या क्षणी त्या वर निघाल्या होत्या, गडगडत, उलट्यापालट्या होत, एकमेकींच्या अंगावर आदळत. गोल काचेत अंधाराचा तपकिरी झाला, तपकिरीचा हिरवा, आणि मग डोळे दिपवणारा उजेड आला.

झाकण बाहेरून उघडावं लागलं. त्याच्यावर बसलेला गाळ निघेना. मांडवीवरच्या खलाशांना तो हातोड्याने फोडावा लागला. मुरारी झाकणातून अर्धा आत वाकला आणि त्याने वृंदाला काखेत धरून वर ओढलं. होडीत बसल्यावरही त्याने हात सोडला नाही. तो काही बोलला नाही. या वेळी तिला ते चाललं.

सलमाने मात्र होडीत पडलेला गाळाचा एक तुकडा उचलला. तो कौलाच्या तुकड्यासारखा खणखणीत होता. ती तो उलटसुलट करून बघत राहिली.

आठवड्याभराने ती पालशेतकरांच्या घरी आली. अपघातानंतर चौकशी होईपर्यंत सगळी कासवं बंद ठेवली होती. पडवीत बसल्यावर तिने आधी पाणी मागितलं.

“जीवाणूंचा पदार्थ कणांच्या कडांना लागतो, हे बरोबर होतं,” ती म्हणाली. “गाळ हलत असतो तोवर तो कडांना एकमेकींना धरू देत नाही. पण गाळ स्वस्थ पडला की तोच पदार्थ वाळल्या डिंकासारखा दोन कडांना जोडतो. आपला साधा गाळ थिजायला वर्ष घेतो. हा दिवसांत थिजतो, वर ओझं असेल तर तासांतच, आणि विटेसारखा होतो.”

“मग आता खाडीत काय चाललंय?” मुरारीने विचारलं.

“थिजतेय. काठाकडून मध्याकडे. गाळ काढायचाच बंद केल्यामुळे तो केवढा साचलाय हे तुम्हाला माहीत आहे. तो सगळा घट्ट झाला तर जहाजं राहू देत बाजूला. नदीलाच समुद्रात जायला वाट राहणार नाही. पावसाळ्यात ते पाणी वरच्या गावांत शिरेल.”

वरच्या गावांत वृंदाचं माहेर होतं. तिने ते बोलून दाखवलं नाही.

“मांडवीने काढून टाकू,” मुरारी म्हणाला.

“काढावंच लागेल. आणि समुद्रात नाही टाकायचा हा गाळ. जमिनीवर बांध घालून, त्यात. पण विटेसारखं झालेलं मांडवी किती खोदेल? दाते झिजतील. तुम्ही एका टोकाकडून काढत असताना उरलेलं सैल ठेवावं लागेल. रात्रंदिवस. शेवटचा हौद भरेपर्यंत.”

“म्हणजे किती?” वृंदाने विचारलं.

“काही वर्षं.”

मुरारी उठून पडवीच्या टोकाला गेला. तिथून खाडी दिसत होती. पाण्याला ऊन लागलं होतं. वर काही कळत नव्हतं.

“सैल कोण ठेवणार?” त्याने तिकडेच बघत विचारलं. “कासवात बसायला आता एक माणूस तयार नाही. खानविलकर साहेब घरोघर फिरताहेत.”

“मी बसणार आहे,” सलमा म्हणाली. तिने पेला खाली ठेवला. “पण मला चालवता येत नाही.”

वृंदाला केबिन आठवली. पत्र्यावरून फिरणारा तो तळहात आठवला. गेल्या आठवड्यात ती एकदाही दार लावून झोपली नव्हती. न्हाणीघराचं दारही ती किलकिलं ठेवायची. दुसरं कोणी जाईल, असं तिने मनातल्या मनात म्हणून बघितलं. कासव चालवायला शिकलेले बंदरात मोजकेच होते, आणि त्यांतले निम्मे कालच नोकरी सोडून गेले होते.

“मुरारी,” ती म्हणाली. “मला जायचंय. म्हणजे, नाही जायचंय. जीव घाबरतो. पण मला वाटतं जावं. तुला काय वाटतं?”

तो वळला.

“नाही म्हणालो तर?”

“तर आपण भांडू. आणि उद्या पुन्हा विचारेन.”

“जाऊ नकोस,” तो म्हणाला. मग खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “काठाच्या जवळ जायचं नाही. मध्यात राहायचं. बोया कायम वर, तार जोडलेली, आता पंख्यात अडकायला जहाजं येत नाहीतच. मी जिथे खोदतोय तिथपासून तू लांब.”

“बरं.”

“आणि दर वेळी एकाच पाळीपुरतं.”

“बरं म्हटलं ना.”

दोन दिवसांनी, ओहोटी सरताना, कासव पुन्हा पाण्यात सोडलं. नवीन जोड बसवलेला पत्रा चकाकत होता. सलमा आधी आत उतरली, न बोलता, जिभेखाली आल्याचा तुकडा धरून. वृंदा झाकणाशी थांबली. मांडवी पलीकडे नांगर उचलत होती. जमिनीवरचे नवे बांध पिवळे दिसत होते, त्यात अजून काहीच नव्हतं. ती आत उतरली आणि झाकण ओढून घेतलं. श्वास अडला. तिने तो येऊ दिला, जाऊ दिला, पुन्हा येऊ दिला.

तळाला पोचल्यावर तिने कंपक चालू केले. कासव जागच्या जागी थरथरलं, आणि काहीच झालं नाही. भोवतालचा गाळ धरूनच बसला होता. तिने जोर वाढवला. पत्रा करकरला. सलमाने तिचा हात धरला. मग पट्ट्यांखाली काहीतरी सुटलं, हळू, नाखुशीने, आणि यंत्र वीतभर पुढे सरकलं. पडद्यावर मागचं बघितलं तर सैल झालेली वाट फार लवकर पुन्हा मिटत होती.

“मुरारी,” तिने फोनवर म्हटलं, “हलतंय. पण थांबलं की मिटतंय. मला थांबता येणार नाही.”

“मग थांबू नकोस,” तो म्हणाला. त्याच्या मागे पाइपच्या यारीचा आवाज येत होता. “मी पाइप सोडलाय.”